वर्दी उतरवल्यानंतर

इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूर गावात (तालुका हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर) पाहुणा म्हणून मुक्कामाला गेलेल्या माणसाला पहिल्या रात्री झोप लागत नाही. यंत्रमागांचा खडखडाट रात्रपाळीतही चालू असतो. घराच्या भिंतीला मागाची शेड लागून असेल, तर अंथरुणातही हादरा जाणवतो. घरची माणसे मात्र गाढ झोपलेली असतात. गंमत अशी, की मध्यरात्री वीज गेली आणि माग थांबले की पाहुण्याला झोप लागते आणि घरची माणसे दचकून जागी होतात.

आपली मज्जासंस्था सतत येणाऱ्या अनुभवावरून एक अंदाज बांधून ठेवते. मागांचा आवाज या घरच्या मंडळींच्या अंदाजात बसलेला असतो, म्हणून तो त्यांना ऐकूच येत नाही. आवाज थांबला, म्हणजे अंदाज चुकला. काहीतरी बिघडले अशी सूचना मेंदूला मिळते आणि जाग येते. येथे शांतता हाच धोक्याचा इशारा ठरतो.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन कबनूरला परतले. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.) त्यांना ही मागांची गोष्ट सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "आमचं बी तसंच झालंय बघा. सगळं शांत आहे, म्हणूनच जाग येते." पहाटे साडेचारला ते उठून बसतात. हॉटेलात गेले तर दाराकडे तोंड आणि भिंतीकडे पाठ करून बसतात. दिवाळीत गल्लीत ॲटमबॉम्ब फुटला, की आपण कुठे आहोत हे लक्षात येण्यापूर्वीच त्यांचे अंग आकसलेले असते. ठरल्या वेळेला कोणी आले नाही, मुलांनी चपला वेड्यावाकड्या काढल्या, की त्यांचा आवाज चढतो. त्यांचा मुलगा नववीत आहे. त्याच्या वर्गशिक्षिका आम्हाला म्हणाल्या, "मुलगा म्हणतो, पप्पा घरी आले आणि घराची बराक झाली. आता याला मी काय सांगू?"

प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ते शोधायचे तर सैनिक घडतो कसा, जे अंगवळणी पडते त्याचे पुढे काय होते, आणि ते 'उतरवता' येते काय, हे तीन प्रश्न क्रमाने पाहावे लागतील. हे केवळ एका घराचे दुखणे नाही. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीला तिचे नावच घरोघरच्या सैनिकांमुळे मिळाले. साताऱ्याच्या अपशिंगे (मिलिटरी) या गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. आपल्या भागातील बहुतेक शाळांच्या पटावर अशा घरांतील मुले असतात, आणि अशा घरांत जाऊ इच्छिणारीही.

कवायत कशासाठी?

कोल्हापूर भागातून पायदळात भरती होणारी बरीच मुले बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षण केंद्रात जातात. तेथे पहिल्या काही दिवसांतच केस कापले जातात, गणवेश मिळतो, नंबर मिळतो. उठणे, जेवणे, झोपणे यांच्या वेळा दुसरा कोणीतरी ठरवतो. पलंगावरची चादर, बुटांची चमक, कपाटातील घड्या यांतील एका बोटाचाही फरक चालत नाही. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ मध्ये अशा जागांना 'सर्वंकष संस्था' म्हटले. झोप, काम आणि विरंगुळा हे तिन्ही एकाच छपराखाली, एकाच अधिकाराखाली आणि सर्वांच्या बरोबरीने चालते, ती सर्वंकष संस्था. बाहेर माणूस एकाच वेळी मुलगा, मित्र, गिऱ्हाईक, भजनी मंडळातला टाळकरी असतो. येथे तो प्रथम रंगरूट असतो.

मग कवायत सुरू होते. 'सावधान', 'विश्राम', 'तेज चल', 'थम'. आजच्या युद्धात कोणी रांगेने चालत शत्रूवर जात नाही, मग तासन्‌तास परेड कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. तो विचारायलाच हवा.

त्याचे एक उत्तर इतिहासात आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये मॉरिस ऑफ नासाऊ या सेनापतीने बंदूक भरून उडवण्याच्या कामाची चाळीसहून अधिक छोट्या हालचालींत विभागणी केली आणि हुकमाच्या ठेक्यावर ती सैनिकांकडून पुन्हा पुन्हा करून घेतली. ही पद्धत युरोपभर पसरली आणि पुढे आपल्याकडेही आली. पानिपतावर (१७६१) इब्राहिमखान गारद्याचे पायदळ याच पद्धतीचे होते. महादजी शिंदे यांनी १७८४ मध्ये द बॉयन याला नोकरीस ठेवून जे कंपू उभे केले, तेही कवायती पायदळच होते. यामागचा अनुभव असा, की भीतीच्या क्षणी माणसाची विचार करण्याची ताकद आखडते, पण हजार वेळा गिरवलेली क्रिया तेव्हाही हातून घडते. आपण पाढे पाठ करून घेतो त्यामागचे तत्त्व याहून वेगळे नाही. गरजेच्या वेळी 'आठ साते' डोक्याने शोधावे लागत नाही, ते जिभेवर असते.

दुसरे उत्तर मनाशी संबंधित आहे. इतिहासकार विल्यम मॅक्नील यांनी १९४१ मध्ये अमेरिकन सैन्यात रंगरूट म्हणून कवायत केली होती. बऱ्याच वर्षांनी, १९९५ च्या आपल्या पुस्तकात, त्यांनी लिहिले, की उन्हात निरर्थक वाटणाऱ्या त्या चालण्याने एक सुखद भावना निर्माण होत असे. आपण एकटे नसून मोठे झालो आहोत असे वाटे. एका ठेक्यावर अनेकांनी मिळून हालचाल केली की 'मी' थोडा विरघळतो आणि 'आम्ही' तयार होतो. लेझीम खेळणाऱ्याला किंवा टाळ घेऊन दिंडीत चालणाऱ्याला हे सांगावे लागणार नाही. लष्करात हा 'आम्ही' म्हणजे पलटण. कठीण प्रसंगी सैनिक उभा राहतो तो पुष्कळदा शेजारच्या सोबत्यासाठी, असे सैनिक स्वतःच सांगतात.

चेतक आणि प्रतिसाद

तिसरा थर प्रतिक्रियांचा. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांचे प्रयोग आपण शिकवतो. कुत्र्याला अन्न देण्यापूर्वी दरवेळी ठरावीक ठोके ऐकवले, की काही दिवसांनी नुसत्या ठोक्यांनीही त्याच्या तोंडाला पाणी सुटते. याला अभिसंधान म्हणतात. कृतीच्या परिणामावरून कृती पक्की होणे हा अभिसंधानाचा दुसरा प्रकार. त्याचा सखोल अभ्यास बी. एफ. स्किनर यांनी केला. कळ दाबली की दाणा मिळतो, हे कळलेला उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबतो.

लष्करी प्रशिक्षणात हे दोन्ही प्रकार आहेत. अमेरिकी लष्करी लेखक एस. एल. ए. मार्शल यांनी १९४७ मध्ये असा दावा केला, की दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष चकमकीच्या वेळी १५ ते २५ टक्केच सैनिक गोळी झाडत. हे आकडे त्यांनी कशावरून काढले याचा धड पुरावा नंतरच्या अभ्यासकांना सापडला नाही, त्यामुळे ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. परंतु त्यांचा परिणाम मात्र झाला. गोल लक्ष्याच्या जागी मनुष्याकृती लक्ष्य आले. ते अचानक वर येते, गोळी लागली की पडते. लक्ष्य दिसणे हा चेतक, गोळी झाडणे हा प्रतिसाद आणि लक्ष्य पडणे हे त्याचे प्रबलन. विचार मध्ये येण्याआधीच हात चालावा, अशी ही रचना आहे.

याचा अर्थ सैनिक यंत्र बनतो असा मात्र नाही. 'थम' हाही हुकूमच असतो. केव्हा गोळी झाडायची नाही हेही तितकेच कसून शिकवले जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील माणसांना होड्यांतून बाहेर काढणारे जवान याच प्रशिक्षणातून आले होते. अंधारात, वाहत्या पाण्यात, घाबरलेल्या लोकांमध्ये ज्यांचे हात थरथरले नाहीत, त्यांचे ते हात कवायतीनेच तयार केले होते. जे कौशल्य एका ठिकाणी जीव वाचवते, तेच दुसऱ्या ठिकाणी अडचण का करते, हा आपला मुद्दा आहे.

स्वभाव बदलतो काय?

'लष्करात गेला म्हणून असा झाला' आणि 'असा होता म्हणूनच लष्करात गेला' ही दोन्ही वाक्ये आपण ऐकतो. यातले खरे कोणते हे ठरवणे अवघड, कारण एकाच मुलाला एकदा लष्करात पाठवून आणि एकदा न पाठवता पाहता येत नाही. जर्मनीत मात्र अशा तुलनेची संधी होती. २०११ पर्यंत तेथील तरुणांना सक्तीची सेवा करावी लागे, पण ती लष्करात करायची की रुग्णालय, वृद्धाश्रम अशा ठिकाणी, हे निवडता येई. जोशुआ जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा हजाराहून अधिक तरुणांच्या स्वभावाची मोजमापे शाळेच्या अखेरीपासून काही वर्षे घेतली आणि निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध केले.

त्यात दोन्ही वाक्यांत तथ्य आढळले. लष्कर निवडणारी मुले आधीपासूनच थोडी वेगळी होती. उदाहरणार्थ, त्यांना चिंता कमी वाटे. परंतु प्रशिक्षणाचाही परिणाम दिसला. 'जुळते घेण्याची वृत्ती' वयाबरोबर सामान्यतः वाढत जाते. लष्करात गेलेल्यांत ती इतरांपेक्षा कमी वाढली आणि हा फरक पुढे पाच वर्षांनीही, ते तरुण कॉलेजात किंवा नोकरीत गेल्यावरही, टिकून होता. फरक लहान होता आणि सरासरीतला होता. त्यावरून कोणा एकाविषयी अनुमान काढता येणार नाही. पण ही सेवा साधारण नऊ महिन्यांची आणि शांततेच्या काळातली होती, हे लक्षात घेतले की सतरा-अठरा वर्षांच्या नोकरीचा विचार मनात येतोच.

शिकलेले पुसले जात नाही

आता आपण मुख्य मुद्द्याकडे येऊ. अभिसंधान झालेल्या कुत्र्याला ठोके ऐकवत राहायचे, पण अन्न द्यायचे नाही, असे केले तर लाळ हळूहळू कमी होत थांबते. याला विलोपन म्हणतात. पूर्वी समजूत अशी, की विलोपन म्हणजे फळ्यावरचे पुसावे तसे मनातले पुसणे. परंतु पावलॉव्ह यांनाच दिसले होते, की थोडी विश्रांती देऊन पुन्हा ठोके ऐकवले तर गेलेली प्रतिक्रिया आपोआप परत येते. म्हणजे ती कोठे गेलीच नव्हती.

अमेरिकेतील मार्क बाउटन यांनी उंदरांवरील प्रयोगांतून ही गोष्ट पुढे नेली. एका पिंजऱ्यात उंदराला एखाद्या आवाजाची भीती बसवली. मग वास, आकार, जमीन सर्व वेगळे असलेल्या दुसऱ्या पिंजऱ्यात तो आवाज निर्धोक आहे हे शिकवले. भीती गेली. परंतु उंदराला परत पहिल्या पिंजऱ्यात ठेवताच, तो आवाज ऐकून तो पुन्हा गोठला. निष्कर्ष असा, की विलोपन म्हणजे विसरणे नव्हे, ते दुसरे शिकणे आहे. जुना धडा जागच्या जागी राहतो. 'येथे तसे नाही' हा नवा धडा त्याच्यावर बसतो आणि तो जुन्याला आवरून धरतो. मेंदूच्या भाषेत बोलायचे, तर अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या भागाने भीतीचा ठसा जपून ठेवलेला असतो आणि कपाळामागील मेंदूचा भाग त्याला लगाम घालतो. थकवा, अपुरी झोप, दारू किंवा जुन्या प्रसंगाशी मिळताजुळता आवाज यांनी लगाम सैल होतो. हवालदार महाशयांचे अंग फटाक्याने आकसते ते म्हणून. त्यांना भित्रे म्हणणे जितके चूक, तितकेच 'आता सोडून द्या ते सगळं' असे सांगणेही व्यर्थ.

परिस्थितीचा हा प्रभाव उलट दिशेनेही काम करतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या सुमारे पाचातील एक जवान तेथे असताना हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या आहारी गेला होता. ते परतल्यावर देशात व्यसनाची साथ येईल अशी भीती होती. ली रॉबिन्स यांनी १९७१ मध्ये परतलेल्या जवानांचा पाठपुरावा केला, तेव्हा आढळले, की तेथे व्यसनी झालेल्यांपैकी जेमतेम ५ टक्के पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले. जागा, सोबत, दिनक्रम सर्व बदलले आणि व्यसनाला आधार देणाऱ्या खुणाच नाहीशा झाल्या. म्हणजे गाव बदलल्याने वाईट सवय सुटू शकते. परंतु त्याच न्यायाने पलटणीच्या आधाराने उभी राहिलेली चांगली घडीही गावी येऊन विस्कटू शकते. पहाटेचा व्यायाम सुटतो, पोट सुटते, रिकाम्या वेळेचे काय करावे हे कळत नाही.

गावी आल्यावर

लष्करातील शिपाई साधारण सतरा-अठरा वर्षांच्या सेवेनंतर, म्हणजे पस्तिशी-चाळिशीच्या आसपास, पेन्शनवर येतो. शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो आणि तरीही अकरा वाजता शाळेची घंटा ऐकू आली की त्याचा पाय अडखळतो. सैनिकाची निवृत्ती मात्र मुले शाळेत असताना, कर्ज फिटायचे असताना आणि अंगात ताकद असताना होते.

तो परततो ते सुट्टीत पाहिलेल्या गावात. वर्षातून एक-दोनदा तो आला तेव्हा सगळे भेटायला येत, गोडधोड होई. समाजशास्त्रज्ञ आल्फ्रेड शुट्झ यांनी १९४५ मध्ये घरी परतणाऱ्या सैनिकावर एक निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा : परका माणूस अनोळखी ठिकाणी जाताना आपल्याला येथले काही ठाऊक नाही हे धरूनच चालतो, घरी परतणारा मात्र सर्व ओळखीचे आहे असे धरून चालतो, आणि म्हणून जास्त ठेचकाळतो. दरम्यान घरही बदललेले असते. कबनूरच्या त्या घरात वहिनींनी सोळा-सतरा वर्षे एकटीने संसार रेटला आहे. शाळेची फी, सासूचे औषधपाणी, सोसायटीचे कर्ज, भावकीतला वाद, सगळे त्यांनी निभावले. घराची एक शिस्त आहे, फक्त ती बराकीची नाही. नवरा कायमचा घरी आला तेव्हा घरात दोन सुभेदार झाले, असे त्या हसत म्हणाल्या, पण ते केवळ हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

बाहेरही तेच. लष्करात कोणाचा शब्द कोणी ऐकायचा हे खांद्यावर किंवा बाहीवर लिहिलेले असते. मागाच्या कारखान्यात सुपरवायझर किंवा वॉचमन म्हणून काम मिळाले, तर तेथे हुकूम चालत नाही. कामगाराला समजावून, प्रसंगी चहा पाजून काम करून घ्यावे लागते. 'दहाला येतो' म्हणजे अकरा, हे सर्वांना ठाऊक असते, फक्त त्याला नसते. त्यातच काल जो साठ माणसांचा 'उस्ताद' होता, त्याला आज बँकेत रांगेत कोणी ओळखत नाही. या माणसाचे नुकसान पगाराचे कमी आणि वेळापत्रक, सोबत, हुद्दा आणि आपण कशासाठी आहोत याचे उत्तर या चार गोष्टींचे जास्त असते. हे सर्व एका दिवसात जाते.

आजार आणि अडचण

येथे एक फरक स्पष्ट करायला हवा. परतल्यानंतरची ही ओढाताण म्हणजे मानसिक आजार नव्हे. आघातोत्तर तणावविकार हा वेगळा, निश्चित लक्षणे असलेला विकार आहे. जिवावरचे प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा उभे राहणे, भयस्वप्ने, त्या प्रसंगाची आठवण देणारे सर्व टाळणे, सतत सावध आणि चिडचिडे राहणे, मन बधिर होणे, ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकतात आणि कामात, घरात अडथळा आणतात. पहिल्या महायुद्धात याच्याशी मिळत्याजुळत्या स्थितीला 'शेल शॉक' म्हणत. विकार म्हणून हे नाव अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत १९८० मध्ये आले.

त्याचे प्रमाण किती? ब्रिटनमधील इराक-अफगाणिस्तान काळातील आजी-माजी सैनिकांच्या मोठ्या पाहणीत (२०१८) ते एकूण सुमारे ६ टक्के आढळले. प्रत्यक्ष लढाईच्या कामावर गेलेल्या आणि नंतर सेवा सोडलेल्यांत मात्र सुमारे १७ टक्के. हे आकडे आपल्या सैन्याला तसेच लावता येणार नाहीत, परंतु दोन गोष्टी त्यांतून दिसतात. बहुसंख्य माजी सैनिकांना हा विकार नसतो, म्हणून प्रत्येक फौजीकडे संशयाने पाहणे अन्यायाचे आहे. आणि ज्यांना तो होतो ते थोडेथोडके नाहीत, म्हणून 'जवान माणूस, त्याला काय होतंय' म्हणून दुर्लक्ष करणेही घातक आहे.

झोप महिनोन्‌महिने बिघडलेली, दारू वाढलेली, घरच्यांवर हात उगारला जातोय, माणूस सर्वांपासून तुटत चाललाय किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलतोय, यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांची मदत घ्यावी. या विकारावर उपचार आहेत आणि त्यांतील प्रभावी पद्धतींचा पाया वर सांगितलेले 'दुसरे शिकणे' हाच आहे : सुरक्षित ठिकाणी, जाणकाराच्या सोबतीने, टाळलेल्या आठवणींना थोडे थोडे सामोरे जायचे. माजी सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. 'टेली-मानस' या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तिचा सैन्यदलांसाठीचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला.

परतीचा अभ्यासक्रम

आता आपल्या लक्षात येईल, की आत जाण्यासाठी एक शाळा आहे. तिला अभ्यासक्रम आहे, उस्ताद आहेत, अनेक महिने आहेत, शेवटी कसम परेड आहे. बाहेर येण्यासाठी एवढे काही नाही. पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या आधी प्रशिक्षणवर्ग चालवते, जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असते. त्यांचा उपयोग मोठा आहे. पण त्यांचा भर मुख्यतः पोटापाण्यावर आणि हक्कांच्या कागदपत्रांवर असतो. 'नववीतल्या मुलाशी हुकूम न देता कसे बोलावे' हा धडा कोठे नाही. तो घरानेच घ्यायचा असतो.

या धड्याचे तीन नियम विज्ञानातून सांगता येतात. पहिला, वेळ लागतो. लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात (२०१०) रोज फळ खाणे, जेवणापूर्वी धावून येणे अशी साधी नवी सवय अंगवळणी पडायला निम्म्या लोकांना ६६ दिवसांहून अधिक लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५० हून अधिक दिवस लागतील असे गणित निघाले. सतरा वर्षांच्या सवयींवर नवे बसवायचे तर पहिले वर्ष-दोन वर्षे धडपडीचीच जाणार, हे घराने धरून चालावे. दुसरा, नवा धडा अनेक ठिकाणी गिरवावा लागतो. घरात राग आवरता आला म्हणून रेशनच्या रांगेत आवरेलच असे नाही. उंदराचा दुसरा पिंजरा आठवावा. तिसरा, जुने वापरात आणावे. गेलेल्या वेळापत्रकाच्या, सोबतीच्या आणि हेतूच्या जागी दुसरे काही आले, तरच पोकळी भरते. आमच्या परिचयाच्या त्या हवालदारांनी पहाटे पळायला येणाऱ्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. पहाटे साडेचारची जाग, जी घरात सर्वांना त्रासाची होती, ती मैदानावर कामाची ठरली.

येथे शाळेचा संबंध आणखी जवळून येतो. कोल्हापूर जिल्ह्यात भरतीपूर्व तयारी करून घेणाऱ्या अकादमी गावोगाव आहेत. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार आता जवानांची भरती चार वर्षांसाठी होते आणि त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम केले जातात. योजना जाहीर झाली तेव्हा भरतीचे वय साडेसतरा ते एकवीस होते. म्हणजे उरलेले तरुण बाविशी-पंचविशीत, पेन्शनशिवाय, एक ठरावीक रक्कम घेऊन परततील. ज्या वयात बाकीची मुले आपण कोण होणार हे ठरवत असतात, त्या वयात यांना एकदा ठरवलेले पुन्हा ठरवावे लागेल. सहामाही-वार्षिकला आपल्या हाताखाली बसलेलीच ही मुले असतील. १६०० मीटर किती मिनिटांत धावायचे हे त्यांना अकादमीत सांगतातच. चार वर्षांनी परत यायची वेळ आली तर काय, अपुरे शिक्षण कसे पूर्ण करायचे, आणि निवड न होणे म्हणजे नापास होणे नव्हे, हे बोलणे शिक्षकांनाच करावे लागेल.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. मुलांना हाताची घडी घालायला सांगा. कोणता हात वर आहे ते पाहू द्या. मग दुसरा हात वर घेऊन घडी घालायला सांगा. बहुतेक मुले गडबडतात, हसतात. घड्याळ आठवडाभर दुसऱ्या मनगटावर बांधायला सांगा. किती वेळा चुकीच्या हाताकडे पाहिले याची रोज नोंद ठेवून आलेख काढा. आकडा कमी होत जाईल, पण घाईच्या क्षणी पुन्हा चूक होईल. परीक्षेच्या दिवशी मुद्दाम मोजा. शिकलेले पुसले जात नाही, हे मुलांना त्या आलेखावरून स्वतःच सांगता येईल.

त्या वर्गशिक्षिकेने मुलाला काय सांगितले, तेही सांगायला हवे. त्यांनी हाच प्रयोग वर्गात घेतला आणि नंतर त्याला बाजूला बोलावून म्हणाल्या, "तुझं घड्याळ सात दिवसांत नीट झालं नाही. पप्पांनी सतरा वर्षं एकाच हातावर बांधलंय. त्यांना वेळ दे. पण ते ओरडले आणि तुला भीती वाटली, तर ते आईला सांग, मला सांग. गप्प बसायचं नाही." दोन्ही गोष्टी सांगणे आवश्यक होते. समजून घेणे म्हणजे सर्व सोसणे नव्हे.

काही आठवड्यांनी मुलानेच एक सवलत मिळवल्याचे बाईंनी कळवले. चपला तो आता रांगेत लावतो. त्याच्या बदल्यात रविवारी सातपर्यंत झोपायची परवानगी त्याला मिळाली आहे. हवालदार अजूनही साडेचारला उठतात, पण रविवारी दिवा लावत नाहीत.